सरांची डिझेल गाडी

मी मूळचाच भित्रा. लिफ्टमध्ये एकटा असलो की मजल्यांचे आकडे मोठ्याने मोजतो. रक्त तपासायला गेलो तर सुई दिसायच्या आधीच मला घाम फुटतो. त्यामुळे जुनी डिझेल गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी मी मार्केट यार्डाजवळच्या एका मेकॅनिकला गाठलं. भाजीचे टेम्पो दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेलेला. गाडी हवी होती आईसाठी. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं, आणि वारज्याहून व्यायामाला नेताना तिला रिक्षात चढवता-उतरवता आम्हा दोघांचाही जीव मेटाकुटीला यायचा.

मेकॅनिकने हातातला पाना खाली न ठेवताच सांगितलं, "सकाळी जायचं. आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं, आपण यायच्या आधी कुणीतरी गाडी चालू केली हाय. थंड इंजिन किती कुरकुरतंय तेच तर बघायचं असतंय. मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढायचं. आतनं भसाभस धूर आला की नमस्कार करून घरी यायचं." टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याची, नळी काढून आत बोट फिरवायचं, बोट तेलाने माखलं तर त्या गाडीकडे बघायचंसुद्धा नाही, हेही त्याने सांगितलं.

"का?" मी विचारलं.

"आवं, टर्बो गेला की इंजिन डिझेल सोडून सोताचंच ऑइल प्यायला लागतंय. मग चावी बंद करा नायतर काय बी करा, थांबत नाय. वरच्या गिअरात टाकायची, ब्रेकवर उभं ऱ्हायचं आन् क्लच सोडून द्यायचा. दुसरा इलाज नाय."

मी सगळं कागदावर उतरवून घेतलं. चावी बंद करूनही न थांबणारी गाडी! दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

आणि नेमकी गाडी निघाली ती आमच्या सरांची. शाळेत मला गणित शिकवलेले सर. आता कर्वेनगरात एकटेच राहायचे, आणि नजर अधू झाल्यामुळे त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं. आईलाही मी बरोबर नेलं. मागच्या सीटवर तिला पाय लांब करून बसता येतं का, ते बघायचं होतं.

सर इस्त्रीचा शर्ट घालून गेटाशीच उभे होते. "साडेआठ म्हणाला होतास. आठ चाळीस झालेत," ते म्हणाले. मग आईला नमस्कार करून म्हणाले, "गाडी अर्धा तास चालू करून ठेवली आहे, वहिनी. सकाळी जरा कुरकुर करते. दारी आलेल्या माणसाला ताटकळत ठेवणं बरं नव्हे."

 बॉनेटला हात लावला तर चटका बसला. कागद खिशात होता. आई लांब व्हरांड्यातल्या खुर्चीत जाऊन टेकली, तेव्हा सर स्वतःहून म्हणाले, "तुला काय तपासायचं ते नीट तपास. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

आणि अठ्ठेचाळीस वर्षांचा मी, दोन मुलांचा बाप, वर्गात उभं केल्यासारखा हात मागे बांधून म्हणालो, "काहीतरीच काय सर! तुमची गाडी आणि मी तपासायची?"

आमच्याकडे सरांच्या शब्दावर शंका घेत नाहीत. पण सरांनी शब्द दिलाच कुठे होता? ते तर तपास म्हणत होते. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. मला फक्त त्यांच्यासमोर ते बॉनेट उघडायची लाज वाटली.

सर माझ्या शेजारी बसले, आई मागे आडवे पाय करून. वारज्यापर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. हायवेला लागून चांदणी चौकाचा चढ सुरू झाला तसे सर म्हणाले, "जरा दाब की. बैलगाडी घेतोयस का?"

मी दाबली. आधी एक बारीक शिट्टी ऐकू आली, आणि मग इंजिन एकदम किंचाळलं. मी पाय काढला. गाडी पळतच राहिली. घाबरून क्लच दाबला तर आवाज दुप्पट झाला. चावी फिरवली, समोरचे दिवे विझले, आणि इंजिन तसंच बोंबलत राहिलं. आरशात आई दिसत होती. तिच्यामागची काच दिसत नव्हती, नुसता पांढरा धूर. पुढे एक ट्रक रखडत चढत होता.

"अरे थांबव रे!" आई ओरडली. "मला उतरता यायचं नाही!"

 आई मरणार, आणि मी मारणार, एवढंच मला कळत होतं. सरांकडे पाहिलं तर ते खिडकीवरची मूठ धरून डोळे मिटून बसलेले. तेवढ्यात हाताला कशी बुद्धी झाली कोण जाणे. पाचवा गिअर टाकला, ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो आणि क्लच सोडून दिला. गाडीने दोन गचके खाल्ले आणि ती मेली. ट्रक निघून गेला.

आईला आम्ही दोघांनी बगलेत हात घालून बाहेर ओढलं. ती कळवळत होती. तिला कडेच्या दगडावर बसवलं आणि मीच खाली मातीत बसलो.  गाडीतून अजून धूर येत होता.

जरा दम खाऊन आईने मला विचारलं, "तू नीट तपासली होतीस ना रे?"

"हो," मी म्हणालो. "सगळी."

सर माझ्याकडे बघत होते. आता ते बोलणार, असं मला वाटलं. खरं सांगतो, गाडीतसुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो.

आई त्यांच्याकडे वळली. "म्हणजे तुम्ही लपवलंत. माहीत असून माझ्यासारखीला मागे बसू दिलंत."

सरांची नजर अजून माझ्यावरच होती. "हो, वहिनी," ते सावकाश म्हणाले. "मी सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

आई आता बरी आहे, हाताला धरून का होईना, चालते. सोसायटीच्या बाकावर बसून ती सगळ्यांना सांगते, एका मास्तराने आम्हाला कसं फसवलं होतं ते. मी शेजारी उभा असतो. सरांकडे जायला म्हणून मी दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा त्यांच्या गेटापासून परत आलो. ते रागावतील याची भीती नाही वाटत. ते "ये, बस" म्हणतील याची वाटते.