डाव्या गालावरचा तीळ

बाबा भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात कापड तपासायचे. दिवसभर तागे उलगडायचे, कुठे धागा सुटलेला दिसला की निळ्या खडूने खूण करायची. ती नजर काही ड्युटी संपली म्हणून मिटायची नाही. संध्याकाळी आम्ही दोघं मालिका बघायला बसलो की त्यांचा खडू टीव्हीच्या लाकडी कपाटावर चालायचा. एक चूक, एक रेघ. आई रोज त्या रेघा पुसायची आणि रोज कुरकुरायची.

चुकांना तोटा नव्हता. नायकाच्या डाव्या हाताची पट्टी जाहिरातींनंतर उजव्या हातावर जायची. सासूने रागाने फोडलेला कप पुढच्या प्रसंगात तिच्याच हातात, वर चहाने भरलेला. गाव म्हणे कोल्हापूरकडचं, आणि मागच्या टेम्पोवर एम. एच. ०४, म्हणजे आमच्या ठाण्याचाच नंबर. "हा तर आपल्या वडप्याच्या नाक्यावर उभा असतो," बाबा म्हणायचे, आणि आम्ही पोट धरून हसत सुटायचो.

एकदा नायिकेचा पदर अचानक उजव्या खांद्यावर आला. "ही गुजराती कधी झाली?" म्हणत बाबांनी खडू उचलला. मी म्हटलं, "थांबा, नवऱ्याच्या शर्टाचा खिसाही उजवीकडे गेलाय. चित्रच उलटं लावलंय." त्या दिवशी बाबांनी खडू माझ्या हातात दिला. दहावी पास झाले तेव्हाही मी एवढी हुरळले नव्हते.

त्याच सुमारास भिवंडीजवळच्याच पूर्ण्याहून माझ्यासाठी स्थळ आलं. मुलगा तिथल्या गोदामात सुपरवायझर. त्याचा फोटो बघून मी "बरा आहे" एवढंच म्हटलं. खरं तर मला तो फार आवडला होता. हे स्थळ हातचं जाऊ नये, असं पहिल्यांदाच वाटत होतं.

लूम शुक्रवारी बंद, म्हणून पाहुणे शुक्रवारी आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. आईने सकाळीच बाबांना बजावलं होतं, "आज कुणाची चूक काढायची नाही," आणि खडू काढून घेऊन कमरेला खोचला होता.

मी चहा देऊन स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. बाबा एकदा मुलाकडे, एकदा हातातल्या फोटोकडे बघत होते.

"फोटोत तीळ डाव्या गालावर आहे," ते म्हणाले. "यांचा उजव्या गालावर आहे."

मामांनी कप खाली ठेवला. "म्हंजे आमी दुसराच पोरगा आणलाय का?"

"माजा एकच हाय," मुलाची आई म्हणाली. "दुसरा कुटना आणू?"

"तसं नाही म्हणत मी," बाबा म्हणाले. "पण फॉल्ट तर आहे."

मामा उठायच्या बेतात होते. आईने डोळे मिटून घेतले होते. मला राहवलं नाही.

"फोटो उलटा छापलाय," मी दारातूनच म्हटलं. "शर्टाचा खिसा उजवीकडे आलाय. घड्याळ पण उजव्या हातात दिसतंय. शर्ट मात्र हाच आहे. दुसऱ्या बटणाचा दोरा काळा आहे, बाकीच्यांचा पांढरा."

सगळे मुलाच्या शर्टाकडे बघायला लागले. दुसऱ्या बटणाचा दोरा काळाच होता.

"ते बटण मीच लावलंय," त्याची आई म्हणाली. "पांढरा दोरा संपला व्हता." मग ती हळूहळू माझ्याकडे वळली. "पोरी, फोटो तर तुज्या बाबांच्या हातात हाय. तुला तो येवढा पाठ कसा?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांनीही मान वर करून माझ्याकडे पाहिलं. खोलीभर हशा उसळला. मामा सगळ्यांत मोठ्याने हसत होते. मुलगा कानापर्यंत लाल झाला होता, आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

बाबांनी आईपुढे हात केला. आईने कमरेचा खडू काढून दिला. त्यांनी कपाटावर फोटोच्या फॉल्टची एक लांब रेघ ओढली आणि मामांना म्हणाले, "मुलगा पास."

ती रेघ आईने कधीच पुसली नाही.