सोड्याच्या पाण्याने तीनदा

बेंगळुरूतल्या माझ्या प्रयोगशाळेत एक नियम होता. रिअ‍ॅक्शन संपली की मिश्रण सोड्याच्या पाण्याने तीनदा धुवायचे, मगच तपासायचे. माझ्या गाइडने मला शिकवले, मी विद्यार्थ्यांना. का, असे कुणी विचारले नाही. विचारले असते तर मी खेकसलेच असते.

निपाणीकडची एक मुलगी माझ्याकडे पीएचडी करत होती. काही रेणूंची डावी आणि उजवी अशी दोन रूपे असतात, चपलेच्या जोडीसारखी. औषधाला बहुधा एकच चालते. धातूच्या अणूला लिगंड नावाचा रेणू असा जोडायचा, की एका बाजूची वाट अडून एकच रूप तयार व्हावे, हा तिचा विषय. तो तिनेच निवडला होता, लिगंडही तिनेच आखलेले. दोन वर्षांत दहा तपासून झाले. दर वेळी निम्मे डावे, निम्मे उजवे. म्हणजे लिगंड असून नसल्यासारखा.

शेवटी मी तिला सांगितले, "हा विषय सोड. दुसरा एक अर्धा झालेला आहे, तो घे आणि थिसिस संपव." ती "सरी, मॅडम" एवढेच म्हणाली, म्हणजे कानडीत 'बरं'. इतक्या मुकाट्याने ऐकले याचाच मला राग आला.

अकरावा लिगंड तपासायचा राहिला होता. तक्ता अपुरा नको म्हणून तिने डावे-उजवे वेगळे मोजणाऱ्या यंत्रावर वेळ घेतली. त्या दिवशी ती मारतहळ्ळीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली आणि पोहोचली तेव्हा तिच्या वेळेतली दहा मिनिटे उरली होती. धुणार कधी? तिने फ्लास्कमधला थेंब गाळून तसाच यंत्रात घातला.

ती आलेख घेऊन माझ्या खोलीत आली. दोन रूपांची दोन शिखरे: एक उंच, दुसरे जेमतेम दिसण्यापुरते.

"धुतलंस ना?"

"न्हाई, मॅडम. वेळच न्हवता."

मग आम्ही दोघींनी तेच मिश्रण सोड्याच्या पाण्याने तीनदा धुतले आणि पुन्हा तपासले. दोन्ही शिखरे सारखी. लिगंड आपले काम चोख करत होता, सोडा ते बिघडवत होता. आधीचे दहाही कदाचित असेच वाया गेले असतील.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. मला फार लाज वाटत होती. मी आणखी काही बोलणार होते, पण तिचे तिकडे लक्षच नव्हते.

"मग विषय माझ्याकडंच राहू दे की, मॅडम," ती म्हणाली. एवढे होऊनही ती मलाच विचारत होती.