शुक्रवारी मैदान रिकामं

१४ मार्च, शनिवार, दुपारी साडेतीन, प्राचार्यांची खोली. हजर: प्राचार्य, उपप्राचार्य, क्रीडा संचालक, ग्रंथपाल आणि मी, जिमखाना समितीची सचिव. गैरहजर: विद्यार्थी प्रतिनिधी, कारण परीक्षा. फुटबॉलचे प्रशिक्षक बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर. बोलावलं तर आत येतील. विषय एकच: त्यांना तिसरं वर्ष द्यायचं की नाही.

गेल्या वर्षीच्या वहीतलं हे पान. त्या शनिवारपर्यंत कसे पोचलो ते क्रमाने सांगते.

औरंगाबादेत तेव्हा आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ म्हणजे चेष्टेचा विषय होता. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जायचं आणि पहिल्या फेरीतून परत यायचं, हा आमचा रिवाज. एकदा अकरा मुलंच जमली नाहीत, तेव्हा क्रिकेटच्या दोघांना पांढऱ्या पँटीतच उभं केलं होतं. म्हणून समितीने प्रशिक्षक नेमायचं ठरवलं. आले ते गृहस्थ पन्नाशीचे, फुलंब्रीकडचे. तरुणपणी एका कारखान्याच्या संघातून खेळलेले, गुडघा गेल्यावर शिकवायला लागलेले. पहाटेच्या एसटीने यायचे, हातात कापडी पिशवी.

मुलाखतीत ते म्हणाले, "तीन वर्षं द्या."

"तीन कशाला?" प्राचार्यांनी विचारलं.

"पहिल्या वर्षी हरू. दुसऱ्या वर्षी बी हरू, पण समजून हरू. तिसऱ्याचं तिसऱ्या वर्षी बघू."

उपप्राचार्य म्हणाले, "हरण्याची हमी देणारा माणूस पहिल्यांदाच बघतोय." सगळे हसले, आणि त्यांना दोन वर्षं मिळाली, तिसऱ्याचं नंतर ठरवू असं झालं. मी वहीत लिहिलं: "हरण्याबद्दल आधीच बोलतात. का?" आधीच माफी मागून ठेवणाऱ्या माणसांचा मला संशय येतो. वीस वर्षं कॉमर्स शिकवते आहे, वर्गातही तसंच होतं.

त्यांनी पहिलं काम केलं ते जुन्या संघाला घरी बसवण्याचं. सगळी शेवटच्या वर्षाची मुलं काढली, कॅप्टनसकट, आणि पहिल्या वर्षाची घेतली. एक अजिंठ्याकडून हॉस्टेलला आलेला, दोन फुलंब्रीचे, बाकी जुन्या शहरातल्या गल्ल्यांमधले. दुसरं काम, दिवाळीपर्यंत गोलवर मारायला बंदी. सराव सामना खेळायचा, पण गोल मोजायचे नाहीत. फक्त बॉल द्यायचा आणि घ्यायचा.

काढलेला कॅप्टन तावातावाने स्टाफरूममध्ये आला. "मॅडम, हे फुटबॉल हाय का पोस्टमनचं काम? नुसतं इकडून घ्या, तिकडं नेऊन द्या."

"लेखी द्या," मी म्हटलं. मी सगळ्यांना तेच सांगते.

दोन दिवसांनी लेखी आलं. सात सह्या, वळणदार अक्षर, आणि शेवटी "तरी याबाबत उचित कार्यवाही व्हावी". हा मुलगा माझ्या पेपरात सलग तीन ओळी सरळ लिहीत नव्हता. अर्ज कोणी लिहून दिला? मी अर्ज फाइलला लावला आणि समासात प्रश्नचिन्ह काढलं.

पहिल्या वर्षी आम्ही हरलो, तेही असे की गोल कोणी नीट मोजले नाहीत. दुसऱ्या वर्षीही पहिल्याच फेरीत हरलो, मात्र एका गोलने. मी तसं नोंदवलं. ते वाचायला कोणी मागितलं नाही.

त्यानंतर लगेच उपप्राचार्यांनी मला बोलावलं. "मॅडम, तुमच्यासारखं काटेकोर कोणी नाही. जरा हजेरी ठेवा. मुलांची नको, प्रशिक्षकांची."

मी ठेवली. रोज सकाळी सव्वासहाला मैदानावर जायचं, वेळ टाकायची, सही घ्यायची. सोमवार ते गुरुवार ते हजर. शनिवारी हजर. शुक्रवारी मैदान रिकामं. एक माळी, त्याचा पाइप आणि खांबाला अंग घासणारं कुत्रं. पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

मी विचारलं, "शुक्रवारी काय असतं?"

"शुक्रवारी मैदानाला सुट्टी, मॅडम."

"आणि मुलांना?"

"पोरांना नाय." एवढं म्हणून ते शिट्टी तोंडात घालून निघून गेले. शिट्टी तोंडात असलेल्या माणसाला पुढचा प्रश्न विचारता येत नाही, हे त्यांना चांगलं माहीत असावं.

फेब्रुवारीत औरंगपुऱ्यात वह्या घ्यायला गेले होते. समोरच्या हॉटेलाच्या बाकड्यावर आमचे प्रशिक्षक बसलेले, आणि शेजारी शहरातल्या दुसऱ्या एका कॉलेजचे क्रीडा शिक्षक. चहा, हसणं, गुडघ्यावर हात मारणं. याच कॉलेजकडून आम्ही दोन्ही वर्षं हरलो होतो. मी दुकानाच्या आत सरकले आणि दोघं उठेपर्यंत शाईच्या बाटल्या बघत राहिले.

मग यादी केली. एक: अनुभवी खेळाडू काढले. दोन: गोल करण्याचा सराव घेत नाहीत. तीन: शुक्रवारी सराव नाही. चार: प्रतिस्पर्धी कॉलेजशी संबंध असल्याचा संशय. टाइप करून चार प्रती काढल्या, खाली सही केली आणि गुरुवारी सदस्यांना वाटल्या. शनिवारी सभा होती.

गुरुवारी संध्याकाळी तो चौथा मुद्दा टोचायला लागला. बाकी तिन्हींना पुरावा होता, त्याला नव्हता. माझ्या यादीत पुराव्याशिवाय काही गेलेलं मला चालत नाही. म्हणून शुक्रवारी पावणेसहाला मी मोपेड घेऊन हॉस्टेलच्या कोपऱ्यावर उभी राहिले. मुलं सायकलींवर डबलसीट निघाली. मी मागे. छावणीकडे, म्हणजे त्या दुसऱ्या कॉलेजच्याच रस्त्याला, वळली तेव्हा मला वाटलं, सापडलं. आपल्या मुलांना नेऊन त्या कॉलेजच्या संघाला सराव देतायत.

छावणीच्या मोकळ्या मैदानावर आमचे अकरा होते खरे. समोर कॉलेजचा संघ मात्र नव्हता. समोर चाळिशी-पन्नाशीची माणसं होती. पोटं सुटलेली, दाढ्या पिकलेल्या, एकाने पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला. गॅरेजवाले, वेल्डर, चपलांचे कारागीर. शुक्रवारी त्यांची कामं बंद. त्यांच्यात माझ्या ओळखीचे एक निघाले: माझे ब्लाउज शिवणारे टेलरचाचा.

त्यांनी मला बघितलं आणि जागच्या जागी थांबले. "अरे मॅडम! आप यहाँ? ब्लाउज अब्बी हुआ नै. मंगल को देता बोला था ना!"

"ब्लाउजसाठी नाही आले," मी म्हटलं.

तेवढ्यात बॉल त्यांच्याकडे आला. त्यांनी तो न बघताच डावीकडे दिला आणि आमच्या पळणाऱ्या मुलावर ओरडले, "अरे मियाँ, तुम कायकू भागते? बॉल कू भगाओ! उसके फेफड़े नै हैं!"

ती माणसं पळतच नव्हती. उभ्या उभ्या बॉल फिरवत होती, आणि आमची विशीच्या आतली मुलं त्यांच्या मधून धावून धावून लाल झाली होती. मी होते तेवढ्या वेळात चाचांच्या लोकांनी तीन गोल केले, त्यातला एक बोलत बोलत.

प्रशिक्षक माझ्याजवळ आले. "आलात? मला वाटलं, गेल्या महिन्यातच येताल."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही अर्ज मागितला असता. तीन दिवस आधी, नावांची यादी, बाहेर जायचं कारण. मग त्यो अर्ज उपप्राचार्यांकडं. मग आमचा शुक्रवार गेला का नाय?"

तो नियम माझाच होता. मीच टाइप करून नोटीस बोर्डावर लावला होता.

"ही मंडळी पंचवीस वर्षं एकत्र खेळतेत," ते म्हणाले. "ह्यांच्याकडून हरायची पोरांना लई लाज वाटते. लाज वाटली की माणूस नीट बघाया लागतो. गेल्या साली इथं सात-आठ गोल खायचे. आता तीन-चार."

मी विचारायचं ते विचारलंच. "औरंगपुऱ्यात चहा कुणाबरोबर घेत होतात?"

"चहाला बी अर्ज लागतो का मॅडम?" ते हसले. हे उत्तर नव्हतं. मी तसं लक्षात ठेवलं.

त्या दुपारी कॉलेजात येऊन मी जुने पात्रता अर्ज काढले. संघात कोण कधी होतं ते शनिवारी नेमकं सांगता यावं म्हणून. काढलेल्या कॅप्टनच्या अर्जावर पालकाच्या जागी सही होती. ती सही मी रोज बघते. उपप्राचार्यांची. शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, "भाचा हाय की त्यांचा. तुम्हाला म्हाईत नव्हतं व्हय?" वळणदार अक्षराचा अर्ज मी पुन्हा काढला आणि त्या सहीशेजारी ठेवला.

आता शनिवार. उपप्राचार्यांनी माझी यादी वाचून दाखवली, प्रत्येक मुद्द्यानंतर थोडं थांबत. मी म्हटलं, "सर, एक दुरुस्ती आहे. तिसरा मुद्दा चुकीचा आहे. शुक्रवारी सराव होतो."

"यादी तुमचीच ना? सही तुमचीच?"

"माझीच. पण मी काल स्वतः बघितलं. छावणीत होतो. चांगला होतो. फक्त परवानगी घेतलेली नाही."

ते शेवटचं वाक्य कोणी मागितलं नव्हतं. मला अर्धवट सांगायची सवय नाही, म्हणून सांगितलं.

उपप्राचार्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे विनापरवाना. कॉलेजच्या बाहेर. बाहेरच्या लोकांबरोबर. उद्या एखाद्या मुलाचा पाय मोडला तर पालकांना कोण उत्तर देणार? मॅडम, तुमच्या दुरुस्तीने तर प्रकरण आणखी गंभीर झालं."

ग्रंथपाल म्हणाले, "एक वर्ष देऊन बघायला काय हरकत आहे? एका गोलवर आलेत."

"हरलेतच ना?" उपप्राचार्यांनी विचारलं.

प्राचार्य माझ्याकडे बघत होते. त्या क्षणी भाच्याबद्दल बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. तो मुद्दा यादीत नव्हता, आणि यादीत नसलेलं सभेत आयत्या वेळी काढू नये, असं मीच सगळ्यांना सांगत आले आहे. मुदत वाढवली नाही. पाच मिनिटांत विषय संपला.

बाहेर जाऊन सांगायचं काम माझं. प्रशिक्षक बाकावरून उठले. त्यांनी कारण विचारलं नाही.

"पोरं तीच ठेवा," ते म्हणाले. "एक बी बदलू नका. आणि शुक्रवार मोडू नका. एवढं करा."

ते मी केलं. क्रीडा संचालक मूळचे कुस्तीचे. मी त्यांना म्हटलं, तुम्ही फक्त शिट्टी वाजवा, बाकी काही बदलू नका. ते म्हणाले, "मला ह्यातलं कळतच नाही, तर बदलू काय?" शुक्रवारसाठी मी छापील अर्ज केला, नावं आधीच घातलेली, फक्त तारीख टाकायची. दर सोमवारी मी तो स्वतः उपप्राचार्यांसमोर ठेवायचे आणि सही होईपर्यंत उभी राहायचे. एकदाही त्यांना पेन सापडत नाही असं झालं नाही, कारण मी पेन घेऊन जायचे.

जूनमध्ये कळलं की आमचे प्रशिक्षक त्या दुसऱ्या कॉलेजात लागले. ज्यांच्याबरोबर चहा होता तिथेच.

गेल्या डिसेंबरात आमची मुलं पहिल्यांदा दुसऱ्या फेरीत गेली, मग तिसऱ्या, आणि उपांत्य सामन्यात समोर प्रशिक्षकांचाच नवा संघ आला. टेलरचाचा आपली माणसं घेऊन आले होते आणि दोन्ही बाजूंना शिव्या देत होते. आमच्या मुलांनी हाफ टाइमनंतर बॉल असा काही फिरवला की समोरची मुलं नुसती पळत राहिली. अजिंठ्याच्या मुलाने गोल केला. आम्ही जिंकलो. फायनल हरलो, पण ते वेगळं.

उपांत्य सामना संपल्यावर मी प्रशिक्षकांकडे गेले होते. "तुमचीच मुलं तुम्हाला हरवून गेली."

"व्हय. लई बेस हरवलं."

"एक विचारू? त्या चहाच्या वेळीच या नव्या नोकरीचं ठरलं होतं का?"

त्यांनी पिशवी काखोटीला मारली. "तुम्ही वहीत काय लिहिलंय?"

"प्रश्नचिन्ह."

"मग असू द्या." जाता जाता म्हणाले, "एक काम होतं, मॅडम. इथं कायम करायला अनुभवाचं प्रमाणपत्र मागतेत. दोन वर्षं तुमच्याकडं होतो, त्याचं. मार्च संपायच्या आत. तेवढं द्या."

ऑफिसने प्रमाणपत्र जानेवारीतच टाइप करून माझ्याकडे दिलं. रुजू तारीख, मुक्त तारीख, विषय, सगळं भरलेलं. "कामाबाबत शेरा" हा रकाना जिमखाना सचिवाने भरायचा. मी कच्च्या कागदावर तीनदा लिहिलं. "समाधानकारक" लिहिलं तर माझीच यादी खोटी ठरते, आणि ती फाइलला आहे. "उत्कृष्ट" लिहिलं तर त्याखाली उपप्राचार्य सही करणार नाहीत. आणि प्रशिक्षक आधीच तिकडे जायचं ठरवून बसले होते की आम्ही काढलं म्हणून गेले, हे मला अजून कळलेलं नाही. पण त्यांना कायम व्हायचं तर कागद मार्च संपायच्या आत जायला हवा.

आज २ मार्च, मंगळवार. प्रमाणपत्र टेबलावर आहे. शेरा लिहिणं बाकी. उपप्राचार्यांची प्रतिस्वाक्षरी बाकी.