जाळ्याचे कुरल

गेल्या हिवाळ्यात मी कुरल पक्षी केले. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर वडिलांचं मासेमारीचं जुनं जाळं. वडील गेल्यापासून ते मुरबे गावातल्या आमच्या घरी माळ्यावर पडून होतं. मी बोईसरला शाळेत चित्रकला शिकवते. विळ्यासारख्या लांब चोचीचा हा पाहुणा थंडीत आमच्या खाडीवर येतो, पण आता फार थोडे येतात. मुलांना हे कळावं म्हणून खाडीतच प्रदर्शन मांडायचं ठरवलं.

आदल्या दिवशी ओहोटीला आईच्या मदतीने मी तो थवा तिवरांच्या कडेला चिखलात रोवला. पिसं वाऱ्यावर हलावीत म्हणून जाळ्याची टोकं मुद्दाम सुटी ठेवली.

सकाळी मुलांची बस यायच्या आधी आम्ही दोघी बांधावर पोचलो. थव्यातला एक कुरल जास्तच हलत होता. मला वाटलं, वारा. आई म्हणाली, "बाय, तो जित्ता हाय!"

खरा कुरल. आपलाच थवा समजून उतरला असावा. पाय आणि पंख सुट्या धाग्यांत अडकले होते, आणि धडपडीने गाठी आणखी आवळल्या होत्या. मी बांधावरच उभी राहिले. आईने लुगडं खोचलं, गुडघाभर चिखलात शिरली आणि मासळीच्या सुरीने धागे कापले. एक पाय नुसता लोंबत होता.

तेवढ्यात बसचा हॉर्न ऐकू आला. आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की कुणी बघता कामा नये. पक्ष्याचं नंतर.

आईने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पक्षी पदरात गुंडाळला आणि बांधावरून निघाली. समोरून आलेल्या आमच्या मुख्याध्यापिकेने विचारलं, "आई, काय नेताय?"

"कोंबडी हाय. पावणे येनार हायत."

पुढचा तासभर मी हसत उभी होते. "किती जिवंत वाटतात!" प्रदर्शनाला आलेले पाहुणे म्हणाले. जाळं वडिलांचं आहे हे कळल्यावर टाळ्या वाजल्या. मान खाली घालून मी त्या घेतल्या. सगळ्यांना तो विनय वाटला.

दुपारी घरी गेले. आई ओट्यावर टोपलीपाशी बसली होती. शेजारी वाटीत पाणी, चार कोळंब्या.

"मेला गं. चोच उघडलीच नाय त्यानं."

"आय, तू खोटं कशाला बोललीस?"

"तुजं तोंड बगून."

तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं.

पक्षी आम्ही घरामागे पुरला. भरती चढायच्या आत मी एकटीच जाऊन सगळे कुरल उपटून आणले. पण बरेच धागे तुटून चिखलात राहिले होते. हाताला लागले तेवढे ओढून काढले. बाकीचे पाण्याखाली गेले.

सोमवारी मुख्याध्यापिकेला सगळं सांगितलं. "झालं ते झालं, मुलांना कशाला सांगायचं?" त्या म्हणाल्या. प्रदर्शनाचा फोटो तोवर शाळेच्या फलकावर लागला होता. तो मी काढला आणि वर्गात गेले.

मुलांना सगळं सांगितलं. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, त्याच्याबरोबरचे बाकीचे कुठे गेले?"

मला माहीत नव्हतं. मी त्या सकाळी बघितलंच नव्हतं.