पांढरं कॅबिनेट आणि इरफानचा डोळा

परत तेच! शेठला कितीदा सांगितलं, डाईंगवाल्यांचं पेरॉक्साइड आणू नका, ते कापडासाठीचं कडक असतं. पण पार्लरमधलं केस ब्लीच करायचं सौम्य क्रीम महाग पडतं, म्हणून आज पुन्हा तोच कॅन आला.

मित्रांनो, तुम्ही ग्रुपवर ज्या जुन्या कॉम्प्युटरचे फोटो टाकता, तसले आम्ही दापोड्याच्या गोदामात पांढरे करतो. कॉम्प्युटरच्या जुनं होऊन पिवळ्या पडलेल्या कॅबिनेटला पेरॉक्साइड चोळायचं, प्लास्टिक गुंडाळायचं आणि पत्र्यावर उन्हात ठेवायचं.

दुपारी प्लास्टिक सोडताना थेंब उडाला तो माझ्या कामातल्या जोडीदाराच्या, इरफानच्या डोळ्यात. मी त्याचं डोकं नळाखाली धरलं. तो ओरडत होता, "भाई, दिखता नहीं!"

शेठ म्हणाला, "काय न्हाय होत, तोंड धू. कॅबिनेट फुटला न्हाय ना?"

नाही फुटलं. दुधासारखं पांढरं निघालं.

डॉक्टर म्हणतात, डोळ्याचं काही सांगता येत नाही. तोवर त्याचं काम बंद, मजुरीही बंद. इरफान एवढंच म्हणतो, "अम्मी को मत बताना. पैसा टाइम पे जाना चाहिए."

तुम्ही असता तर कळवलं असतं का? माझ्याच्याने नाही झालं. माझी आई या महिन्यात पैशांसाठी थांबेल. त्याच्या अम्मीला त्याच्या नावाने पाठवतोय, पंधराशे रुपये.