पोटातलं काळं

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. देवाजवळही नाही — त्याला माहीत असेल तर असो.

माझा मुलगा संजय बमरोलीच्या मिलमध्ये कापड रंगवायचा. लघवीतून रक्त जायला लागलं. तपासलं तर कॅन्सर. एक किडनी काढली. काढलेलं नातेवाइकांना दाखवतात, तसं मला आत बोलावलं. ट्रेमध्ये ती मधोमध चिरून ठेवलेली. आतली गाठ काळी — तव्याच्या बुडासारखी. बोकड कापलेले मी जन्मभर पाहिलेत, मांसात असा रंग कधी पाहिला नव्हता.

रिपोर्ट आल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, मिलचा रंग आत गेला का? कुणी काही खाऊ घातलं का? गुजराती डॉक्टर म्हणाले, "ना माजी, बाहेरचं काही नाही." केसांत असतो, अंगावरच्या तिळात असतो, तोच हा रंग, असं त्यांनी सांगितलं. गाठीतल्या पेशींनी स्वतःच बनवलेला. क्वचित होतं. मी चौथी शिकलेली, पण एवढं मला नीट समजलं.

संजय अजून दवाखान्यात होता. मी नवागामला घरी आले. सून आत त्याचा डबा भरत होती. पोटातून काय निघालं ते विचारायला शेजारीण दारातच उभी. "काय निंघनं वो माय, पोटमाईन?"

"काळं," मी म्हटलं.

आमच्याकडे समजतात, करणी करून खाऊ घातलेलं पोटात काळं होऊन बसतं. शेजारणीनं आत सुनेकडे पाहिलं. डॉक्टरांचं बोलणं तेव्हाच सांगायचं होतं — नाही का? मी म्हटलं, "त्याचा डबा तर हीच भरते."

संध्याकाळपर्यंत गल्ली दारात जमली. बायकांनी लेकरं घरात ओढली. लोक सुनेच्या अंगावर जातील म्हणून तिचा भाऊ आला आणि तिला शिरपूरकडे घेऊन गेला. जाताना ती म्हणाली, "आत्याबाई, डॉक्टर काय बोलले ते सांगा ना यांना." मी भाकरी थापत राहिले.

घाबरले होते म्हणू? नव्हते. लग्नापासूनच ती मला नको होती.

पुढे संजयचे केस गेले, अंग पांढरं पडलं. आत मात्र तो रंग वाढतच होता — फुफ्फुसात पोचला. तो विचारायचा, ती का येत नाही? मी म्हणायचे, तिला तुझी किळस येते. त्याचा मोबाइल माझ्याजवळ असायचा; तिचे फोन यायचे, मी कापायचे.

मग त्यानं विचारणं सोडलं. तेच खरं मानून तो मेला.