झोपेच्या बाई

भोरात सगळे त्यांना झोपेच्या बाई म्हणायचे, पण त्यांनी कधी कुणाला झोपवलं नाही. समोर बसलेल्याचा डोळा लागलाच तर त्या टेबलावर स्टीलचा पेला आपटायच्या. "घोरायचं असेल तर घरी जा. इथं काम करायला आलायत." संमोहन करणाऱ्या बाईच्या तोंडून हे ऐकून माणसं गोंधळून जायची. मीही गोंधळलो होतो.

त्यांची खोली पिठाच्या गिरणीच्या वर होती. गिरणी सुरू झाली की खुर्ची थरथरायची, तरी त्यांनी ती कधी बंद करायला लावली नाही. पुण्यात मानसोपचाराचं काम करून त्या निवृत्त झाल्या आणि भोंगवलीला माहेरच्या घरी येऊन राहिल्या. तिथून एसटीनं भोरला यायच्या. खोलीत लोलक नाही, मेणबत्ती नाही, गरगर फिरणारं चक्र नाही. एकानं विचारलंच, "बाई, डोळ्यापुढं हलवायचं घड्याळ कुठंय?" बाईंनी भिंतीकडं बोट केलं. "ते बघा. तुम्हाला यायला किती उशीर झाला ते बघायला लावलंय."

लोक त्यांच्याकडं काहीही मागायला यायचे. कुणाला दागिने चोरणारा शोधून हवा असायचा, कुणाला नवऱ्याची दारू एका दिवसात सोडवून हवी असायची. एक सासूबाई सुनेला वश करून घ्यायला आल्या होत्या. "चार दिवस तिच्याशी गोड बोलून बघा," बाई म्हणाल्या. "वश करायची एवढीच विद्या मला येते."

मी शेळ्या-बोकडांचा व्यापारी, हिर्डोशीच्या वरच्या वाडीतला. दोन शेरडांपासून धंदा उभा केला, कुणाच्या मदतीशिवाय. आमच्यात सौदा गमछ्याखाली होतो. दोघांचे हात झाकलेले, भाव बोटं दाबून सांगायचा. माझी शेवटची किंमत आजवर एकाही गिऱ्हाइकाला माझ्या तोंडावरून कळलेली नाही.

तीन वर्षांपूर्वी वरंधा घाटात आमचा टेम्पो उलटला. चालवत होते सदादाजी, माझ्या धाकट्या बहिणीचे, शालनचे यजमान. माझा खांदा मोडला. दाजी म्हणाले, वळणावर कालवड आडवी आली. मी म्हणालो, यांचा डोळा लागला. मी त्यांचं तोंड बघणं सोडलं. शालनचं घर घाटाखाली. तिनं निरोप धाडला, "आण्णा स्वतः मुराळी म्हणून न्यायला येईल, तेव्हाच मी माहेरचा उंबरा चढेन." आई प्रत्येक सणाला रस्त्याकडं डोळे लावून बसायची. ना मी गेलो, ना शालन आली.

शेवटी मी बाईंकडं गेलो, ते दाजींचा बंदोबस्त करायला. "बाई, त्यांना घिऊन येतो. झोपवा आन् खरं काय ते वदवून घ्या."

"संमोहनात माणूस शुद्धीवर असतो," बाई म्हणाल्या. "सांगायचं नसेल तर सांगत नाही. आणि खोटंसुद्धा बोलू शकतो."

"मग तुमचा उपेग काय?" मी असा ओरडलो की गिरणीवाला जिना चढून वर आला.

बाईंनी माझ्यापुढं तांब्या सरकवला. "ओरडून झालं की पाणी प्या."

पाणी प्यायलो आणि दुसरी बाजू लावून बघितली. "मग मलाच झोपवा. म्या शेजारीच बसलो व्हतो. समदं आठवंल."

"आठवेल. पण ते घडलेलंच असेल याची हमी नाही. तीन वर्षं जे सांगत आलात तेच दिसेल, आणखी ठळक दिसेल." मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "टेम्पो उलटायच्या आधी शेवटचं काय पाहिलंत?"

"माथ्यावरचं चहाचं दुकान."

"त्यानंतर?"

त्यानंतर मला आठवत होत्या त्या अंगावरच्या काचा. मधलं काहीच नव्हतं.

"त्या दिवसानंतर घाट कितीदा उतरलात?"

एकदाही नाही. घाटाचं नाव काढलं की तळहात ओले व्हायचे, छाती धडधडायची. घरी सांगायचो, दाजींचं तोंड बघायचं नाही म्हणून जात नाही.

"राग पुढं उभा केलाय आणि भीती मागं लपवलीय," बाई म्हणाल्या. "त्या भीतीवर आपल्याला काम करता येईल. सहा वेळा यावं लागेल."

"दोनदा यीन."

"चारदा. आणि घरी रोज सराव."

पहिल्या दिवशी मी हातांवर गमछा ओढून बसलो. बाईनं आपल्या पोटातले सगळे भाव काढून घेतले तर? बाई हसल्या. "मला तुमचा बोकड नकोय. हात मोकळे सोडा."

"माझं मन लई घट्ट हाय. माझ्यावर तुमचं चालायचं न्हाई."

"अशीच माणसं मला लागतात. सौदा चालू असताना बाजारातला गोंगाट ऐकू येतो तुम्हाला?"

"न्हाई."

"मग तुम्हाला हे येतंच."

खरंच तसंच झालं. गिरणी ऐकू येत होती, एसटीचा भोंगा ऐकू येत होता, पण बाईंचा आवाज जवळचा वाटत होता. त्या मला मनातल्या मनात एकेक वळण उतरवत गेल्या. छाती धडधडली की तिथंच थांबवायच्या, श्वास खाली आला की पुढं न्यायच्या. तिसऱ्या दिवशी मी डोळे मिटून निवांत बसलो होतो, तेव्हा त्याच आवाजात म्हणाल्या, "आता घरी जाऊन दाजींना फोन करा."

"न्हाई करणार."

बाई खो खो हसल्या. "ऐकलंत? तुमची मर्जी तुमच्याचकडं आहे. आता गावभर सांगा, बाई वाटेल ते करून घेत नाही म्हणून."

चार वेळा बसून झाल्यावर मी एसटीनं माथ्यापर्यंत जाऊन आलो. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "खाली कधी उतरणार?"

"बघू. आणखी दोनदा बसूया का?"

"घाटाचं काम संपलं. उरलंय ते या खुर्चीत व्हायचं नाही."

पुढं भोरला गेलो की जिन्यावरूनच विचारायच्या, "गेलात का?" मी म्हणायचो, बघू. असे काही महिने गेले. मग एका बाजारच्या दिवशी गिरणीवाल्यानं सांगितलं की बाई गेल्या, भोंगवलीत, राहत्या घरी. मला संताप आला, आणि तो माझाच आला. एवढी घासाघीस करून मिळवलेली हिंमत मी दावणीला बांधून ठेवली होती.

दुसऱ्या सकाळी महाडची एसटी धरली. त्या वळणावर तळहात ओले झाले. मी श्वास सोडला आणि खिडकीतून खाली दरीकडं बघितलं. गाडी वळली.

दाजी अंगणात लाकडं फोडत होते. मला बघून कुऱ्हाड खाली ठेवली. "या, आण्णा." मग पाणी द्यायच्या आधीच म्हणाले, "आजबी सांगतो, म्या झोपलो न्हवतो."

मी दवाखान्यात पडलो होतो तेव्हा हा माणूस एकदाही बघायला आला नाही. ते मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. तेच बोलायला तोंड उघडलं. पण बोललो ते दुसरंच.

"मला म्हाईत न्हाई, दाजी. म्या झोपलो व्हतो."

शालन दारात उभी होती. "आण्णा, हे तीन वर्सांत कुणाला बोलला न्हाईस?"

"न्हाई."

ती आत गेली आणि पिशवी भरायला लागली.